मंदपणाची तीन नावे

आत्या २०११ साली गेली. तिच्या लोखंडी ट्रंकेत नऊवारी साड्यांखाली एक पिवळी पडलेली फाईल सापडली. १९८१ ते १९९८ या सतरा वर्षांतल्या औषधांच्या चिठ्ठ्या माझ्या वडिलांनी तारीखवार लावून, टाचणीने टोचून ठेवल्या होत्या. चिठ्ठ्यांवरचे डॉक्टरांचे अक्षर बदलत जाते, गोळ्यांची नावे बदलतात, मात्रा वरखाली होते. एक शेरा मात्र बदलत नाही : ‘आवाज येत नाहीत. झोप ठीक. हालचाली मंद.’

घरात आम्हीही तोच शब्द वापरत असू. आत्याला ऐन तिशीत आवाज ऐकू येऊ लागले होते. शेजारीण पाण्यात काहीतरी कालवते, अशी तिची खात्री झाली होती. तिला ‘ठाण्याला पाठवा’ असे सांगणारे नातेवाईक कमी नव्हते. आजोबांनी पाठवले नाही, गोळ्या सुरू केल्या, आणि आवाज खरोखर थांबले. उरली ती खिडकीशी बसून राहणारी, वैशाखातही शाल पांघरणारी एक जाडसर बाई. तिचा आवाज घोगरा झाला, केस विरळ झाले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती इतक्या उशिरा देई की तोवर विचारणारा उठून गेलेला असे. वडील म्हणत, आजारच तसा आहे. आई म्हणे, हे त्या गोळ्यांनी केले. मंदपणाची ही दोन नावे आमच्या घरात चौदा वर्षे नांदली.

तिसरे नाव १९९५ साली कळले. नेहमीच्या डॉक्टरांच्या जागी त्या दिवशी एक तरुण डॉक्टर बसले होते. त्यांनी आत्याला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हलले. परत जागेवर यायला मात्र त्याने बराच वेळ घेतला. डॉक्टरांनी तिची मान चाचपली, रक्त तपासायला सांगितले. थायरॉईड जवळजवळ बंद पडली होती. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक बारीक पांढरी गोळी सुरू झाली. चार-पाच महिन्यांनी एका दुपारी आत्याने शाल बाजूला टाकली आणि म्हणाली, ‘उकडतंय किती, पंखा लाव रे.’

फाईल हाती आली तेव्हा मी आईच्या बाजूने होतो. मनोविकाराच्या गोळ्यांनी आत्याची थायरॉईड बिघडवली, हे सिद्ध करायचे अशा इराद्याने मी वाचायला बसलो. मी डॉक्टर नाही. जुनी वैद्यकीय नियतकालिके आणि शब्दकोश हेच माझे गुरू. वाचता वाचता आरोपीही बदलत गेला आणि आरोपही. हा लेख त्या वाचनाचा वृत्तांत आहे.

*

गलगंड आपल्याकडे चरक-सुश्रुतांपासून ठाऊक आहे. मानेतल्या या ग्रंथीचा आणि मनाचा संबंध मात्र आधुनिक वैद्यकात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्का झाला. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांमध्ये हळूहळू येणाऱ्या एका अवस्थेचे वर्णन केले : चेहरा सुजट, जीभ जड, बोलणे संथ, मन सुस्त. १८७८ साली विल्यम ऑर्ड यांनी तिला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बर्नचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात झाले होते. १८८३ साली त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून पाहिले, तेव्हा ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली होती त्यांपैकी बहुतेकजण तसेच सुजट आणि मंद झालेले आढळले. आपल्या यशस्वी शस्त्रक्रियेने माणसाचे काय केले हे पाहणारा आणि जाहीरपणे सांगणारा हा डॉक्टर पुढे १९०९ साली नोबेलचा मानकरी ठरला. औषधाच्या दुष्परिणामांचा इतिहास लिहायचा तर कोखरपासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण त्याने रुग्णांना परत बोलावले.

त्याच वर्षी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने मिक्सिडीमाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. १८८८ साली तिचा अहवाल आला. शंभरावर रुग्णांची पाहणी केल्यावर समितीने नोंदवले की जवळजवळ निम्म्या रुग्णांत भ्रम किंवा भास आढळतात. म्हणजे थायरॉईड बिघडली तर माणूस ‘वेडा’ होऊ शकतो, ही गोष्ट एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच छापून आलेली होती. उपायही फार दूर नव्हता. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती बाई त्यानंतर आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिला लागलेल्या अर्कासाठी ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी कामी आल्या, असा हिशेब मरे यांनीच नंतर दिला आहे.

पुढची काही दशके मनोविकारतज्ज्ञांचे लक्ष या ग्रंथीवर होते. व्हिएन्नाचे वाग्नर-यौरेग यांना १९२७ साली नोबेल मिळाले ते मेंदूच्या उपदंशावरील मलेरिया-उपचारासाठी. पण ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागातला गलगंड आणि त्यातून येणारे मुलांचे मतिमांद्य हाही त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय होता. नॉर्वेत ऑस्लोजवळच्या डिकेमार्क मनोरुग्णालयात रोल्व येसिंग हे एका विचित्र विकाराचा अभ्यास करीत होते. त्यात रुग्ण ठरावीक काळाने लाकडासारखा ताठ होतो आणि पुन्हा माणसात येतो. येसिंग यांनी वर्षानुवर्षे अशा रुग्णांचा आहार मोजला, लघवीतला नायट्रोजन मोजला, आणि थायरॉईडच्या मोठ्या मात्रा देऊन हे चक्र थांबवता येते असे १९३०च्या दशकात दाखवले. एका विरळ विकारापुरते का होईना, थायरॉईडचे संप्रेरक हेच तिथे मनोविकाराचे औषध होते.

*

माझ्या वाचनात १९४९ हे साल नाक्यासारखे आले. सगळे रस्ते तिथे एकमेकांना भेटतात आणि फुटतात.

त्या वर्षी सप्टेंबरच्या आरंभी ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात जॉन केड यांचा निबंध आला. केड दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे युद्धकैदी होते. परतल्यावर मेलबर्नजवळच्या एका छोट्या मनोरुग्णालयात ते साध्या साधनांनी प्रयोग करीत. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत एखादे विषद्रव्य असावे, या कल्पनेने ते गिनीपिगना टोचून पाहत होते. त्या ओघात वापरलेल्या लिथियमच्या क्षाराने गिनीपिग शांत, सुस्त झाले. मग त्यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिले, आणि ते निवळले.

आठवडाभरातच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रिचर्ड ॲशर यांचा ‘मिक्सिडीमॅटस मॅडनेस’ हा निबंध प्रसिद्ध झाला. आशय सरळ होता : वेडे म्हणून आणलेले हे चौदा रुग्ण पाहा, यांचा विकार मानेत आहे, थायरॉईड दिल्यावर यातले बहुतेक सुधारले. हे निदान डॉक्टरांच्या नजरेतून वारंवार निसटते, असेही त्यांनी बजावले. १८८८च्या अहवालात जे सांगितले होते ते एकसष्ट वर्षांनी पुन्हा बजावावे लागावे, यावरूनच मधल्या काळात ते किती विसरले गेले होते हे कळते.

आणि त्याच ऑक्टोबरात ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरचा निबंध आला. सर्पगंधेचे मूळ उन्माद आणि निद्रानाश यांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. बिहारकडे तर त्याला ‘पागल की दवा’च म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याचा वेडावर व रक्तदाबावर होणारा परिणाम आधुनिक रीतीने मांडला होता. वकिलांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव जगापुढे ठेवला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५४ साली न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचे वृत्त दिले. १९५७ सालचा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला, तेव्हा मानकऱ्यांत क्लाइनही होते आणि पॅरिसचे लाबोरी व डेनिकर हेही.

लाबोरी आणि डेनिकर हे क्लोरप्रोमाझिनचे लोक. आत्याच्या फाईलमधल्या पहिल्या चिठ्ठीवरच्या ‘लार्गॅक्टिल’चे. आमच्या घरातल्या एका टाचणीचे टोक असे पॅरिसपर्यंत पोचत होते.

*

क्लोरप्रोमाझिन डिसेंबर १९५०मध्ये फ्रान्समध्ये रोन-पूलांक कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. लष्करी शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांना शस्त्रक्रियेच्या धक्क्यातून रुग्णाला वाचवण्यासाठी एक ‘कृत्रिम शीतनिद्रा’ हवी होती : शरीर गार, मन निर्विकार, सगळे व्यवहार मंद. हे औषध ते करीत होते. १९५२ साली पॅरिसच्या सेंत-ॲन रुग्णालयात डेले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिले. वॉर्डातला आरडाओरडा थांबला, माणसे बोलू लागली. दोरखंड, बर्फाच्या लाद्या, इन्सुलिनचे झटके यांच्या जगात हा चमत्कारच होता, आणि त्याला उणे लेखायचा माझा मुळीच हेतू नाही. आत्या घरात राहू शकली ती या गोळीमुळे.

पण या जन्मकथेतच पुढच्या घोटाळ्याचे बीज आहे. १९५५ साली डेले आणि डेनिकर यांनी या औषधांच्या जातीसाठी ‘न्यूरोलेप्टिक’ हे नाव चालवले. त्यांनी या औषधांच्या ज्या खुणा सांगितल्या त्यांत शरीर-मनाची गती मंदावणे आणि भावनिक उदासीनता ही होती. म्हणजे रुग्ण मंद झाला तर औषध लागू पडले! आता मिक्सिडीमाची लक्षणे आठवा : गारठा सोसत नाही, हालचाल संथ, चेहऱ्यावर भाव नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठ होतो. यातली बहुतेक लक्षणे गोळीनेही येतात, काही स्किझोफ्रेनियानेही येतात. पूर्वी मंद रुग्ण पाहून एखादा ॲशर मान चाचपत असे. आता मंदपणाला दोन सबळ स्पष्टीकरणे आधीच हजर होती. तिसरे शोधायची गरज कुणाला वाटणार? हे चुकणे काही वेळा जिवावर बेतते. थायरॉईड फार खालावलेल्या रुग्णाला क्लोरप्रोमाझिनच्या जातीचे औषध दिले तर तो गार पडून बेशुद्धीत जाऊ शकतो, अशी ताकीद वैद्यकाच्या पुस्तकांत आहे.

शोधायचे म्हटले तरी साधन तोकडे होते. रुग्णाला निजवून श्वासातला प्राणवायू मोजायचा, किंवा रक्तातले प्रथिनांना चिकटलेले आयोडीन मोजायचे, या त्या काळच्या परीक्षा. पैकी दुसरी तर परफेनाझिनसारख्या गोळीने थायरॉक्सिन न वाढताच वाढलेली दिसे. औषध ग्रंथीला हात न लावता मोजपट्टीच वाकवत होते.

*

मग औषध खरोखर ग्रंथीला हात लावते का? इथे मला माझी समजूत दोनदा बदलावी लागली.

पहिला धडा लिथियमचा. डेन्मार्कच्या मोगेन्स स्काऊ यांनी १९५४पासून लिथियमची शिस्तशीर पारख केली. याच स्काऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली कळवले की लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींच्या गळ्याला गलगंड येतो आहे. लिथियम ग्रंथीत साठते आणि तयार संप्रेरक बाहेर सोडण्यात अडथळा आणते. ज्यांच्या शरीरात थायरॉईडविरोधी प्रतिद्रव्ये आधीच असतात त्यांना, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना, धोका जास्त. औषधाचा कैवार घेणाऱ्यानेच त्याचा दोष जाहीर करावा, हा कोखरचा वारसा. आज लिथियमवर असलेल्या माणसाची थायरॉईड आरंभी आणि नंतर ठरावीक काळाने तपासावी, हा सर्वमान्य नियम आहे. पण लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध. आवाज बंद करणारी गोळी नव्हे.

त्या गोळ्यांचा हिशेब वेगळा आहे. १९६३ साली स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी क्लोरप्रोमाझिन व हॅलोपेरिडॉल यांच्या कामाचा धागा डोपामिनपर्यंत नेला. ही औषधे मेंदूतल्या डोपामिनची वाट अडवतात, हे पुढच्या दशकात स्पष्ट झाले. दरम्यान रोझलिन यालो यांच्या तंत्राने रक्तातली सूक्ष्म संप्रेरके मोजता येऊ लागली आणि ग्विलमन व शॅली यांनी मेंदूतून थायरॉईडकडे जाणाऱ्या हुकमाचा उगम शोधला. तिघांना १९७७चे नोबेल एकत्र मिळाले. तेव्हा कुठे सगळी साखळी दिसली. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका सावकारासारखी थायरॉईडला तगादा लावते. या तगाद्याचे नाव टीएसएच. थायरॉईड कमी देऊ लागली की तगादा वाढतो. म्हणून टीएसएच वाढलेले दिसले की ग्रंथी खालावली असे समजायचे. डोपामिन या सावकाराला आवर घालते. गोळी डोपामिन अडवते, तेव्हा तगादा थोडा वाढू शकतो. पण धडधाकट ग्रंथी तो निभावून नेते. याच वाटेने प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक मात्र चांगलेच वाढते आणि त्याचे परिणाम, पाळी थांबणे, दूध येणे, हे अधिक ठळक असतात.

नव्या पिढीच्या गोळ्यांत क्वेटियापिनचे प्रकरण सर्वांत स्पष्ट आहे. अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालेल्या या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच लिहिलेले आहे की मोठ्या मात्रेत थायरॉक्सिनची पातळी सुमारे २० टक्क्यांनी उतरते. ही घट पहिल्या काही आठवड्यांत होते, मग थांबते, आणि औषध बंद झाल्यावर बहुतेकांत भरून येते. बहुतेकांचे टीएसएच वाढत नाही. थोड्यांचे वाढते, आणि त्यांतल्या काहींना थायरॉक्सिन द्यावे लागते.

दुसरा धडा याहून सूक्ष्म आहे. तीव्र मनोविकाराच्या झटक्यात दाखल झालेल्या काही रुग्णांचे थायरॉक्सिन त्या झटक्यामुळेच तात्पुरते वाढलेले असते आणि काही दिवसांत आपोआप उतरते. आता त्याच दिवसांत गोळी सुरू झालेली असेल, तर ही उतरण गोळीची की बरे होण्याची? आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा एवढ्यावर निवाडा करायचा तर निर्दोषालाही फाशी होईल.

*

हे सगळे समजल्यावर मी आत्याची फाईल पुन्हा काढली. या वेळी चिठ्ठ्या टाचणीतून सोडवून जमिनीवर ओळीने मांडल्या. १९८१ ते ८६, क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल. मग निदानात बदल झाला असावा, कारण १९८६ ते १९९२ अशी सहा वर्षे त्या गोळ्यांसोबत लिथियम आहे. ‘थंडी वाजते’ ही तक्रार वडिलांच्या अक्षरात प्रथम दिसते ती १९८८च्या एप्रिलमध्ये. लिथियम थांबले तरी तक्रार थांबली नाही. म्हणजे संशयाची सुई लिथियमकडे जाते. पण माझ्या आजीचा गळाही सुजलेला असे, हे आईनेच मला सांगितले; तेव्हा ग्रंथीचा दुबळेपणा रक्तातूनही आलेला असेल. एका माणसाच्या बाबतीत खापर कुणा एकावर फोडता येत नाही. शेकडो माणसांना परत बोलावून पाहावे तेव्हा कुठे औषधाचा हात दिसतो.

जे निश्चित सांगता येते ते वेगळेच आहे. १९८८ ते १९९५ या सात वर्षांत पंचवीसहून अधिक चिठ्ठ्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीत औषध आहे. एकीवरही मानेचा उल्लेख नाही, वजन नाही, रक्ततपासणी नाही. तपासणी तोवर आमच्या जिल्ह्याच्या गावातही होत होती. त्या डॉक्टरांना मी दुष्ट म्हणणार नाही. एका सकाळी ऐंशी-नव्वद रुग्ण पाहणारी ती माणसे होती. आणि आम्ही घरचे? आम्ही तर रोज तिच्यासमोर जेवत होतो. ‘वेडी’ हा शिक्का एकदा बसला की त्या माणसाच्या शरीराच्या तक्रारीही वेडातच जमा होतात. तिने ‘थंडी वाजते’ म्हटले, आम्ही ते भ्रमाच्या खात्यात मांडले. वडिलांनी लिहून ठेवले एवढाच काय तो तिच्या शब्दाचा मान.

कुणी हा लेख वाचून गोळ्या बंद करील, तर तो माझा सर्वांत मोठा अपराध होईल. आत्याच्या आवाजाच्या गोळ्या शेवटपर्यंत चालू होत्या आणि चालू राहायलाच हव्या होत्या. थायरॉईडच्या गोळीने तिचा मूळ आजार गेला नाही. गेला तो त्यावर चढलेला एक थर. त्याखाली माझी आत्या होती : पंखा लावायला सांगणारी, पत्त्यांत लबाडी करणारी, कणकेत मीठ कमी पडले म्हणून आईशी भांडणारी. शेवटची सोळा वर्षे ती आम्हाला मिळाली. त्याआधीची सात वर्षे तिची तिलाच मिळाली नाहीत.

फाईल आता माझ्या टेबलावर असते. तिच्या शेवटच्या चिठ्ठीवर, १९९८च्या, डॉक्टरांच्या शेऱ्याखाली वडिलांनी पेन्सिलीने चार शब्द लिहिले आहेत : ‘आज शाल घेतली नाही.’